वामनवृक्षाचा कार्यभार

बंगळुराच्या लालबागेत प्रथमच पाऊल टाकणारा माणूस थबकतो तो काचघरापाशी. 1889 च्या नोव्हेंबरच्या 30 तारखेस इंग्लंडच्या राणीचा नातू प्रिन्स आल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन या दोन प्रसंगी येथे पुष्पप्रदर्शने भरतात व सारे शहर तिकडे लोटते. परंतु याच बागेत वामनवृक्षांचाही एक विभाग आहे. उथळ कुंडीत हातभर उंचीचे झाड उभे असते. बुंध्याला पोक आलेले, मुळे माती घट्ट धरून बसलेली, आणि पर्णसंभार मात्र एखाद्या महावृक्षासारखा. गर्दी येथे फार वेळ रेंगाळत नाही. मी मात्र सरकारी नोकरीच्या निमित्ताने या शहरात आल्यापासून येथेच अधिक वेळ उभा राहिलो आहे. या लहान झाडांनी मला एक मोठा इतिहास वाचावयास लावला. त्याची थोडी हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे.

'बोन्साय' हा शब्द जपानी. 'बोन' म्हणजे तबक किंवा उथळ भांडे, आणि 'साय' म्हणजे लागवड. कलेचे मूळ मात्र चीनमधले. तांग घराण्यातील राजपुत्र झांगहुआय याच्या इ. स. 706 मधील थडग्यातील भित्तिचित्रांत, तबकातले छोटे निसर्गदृश्य हाती घेऊन चाललेले सेवक दिसतात. तेथून ही विद्या जपानात गेली. 1309 सालच्या एका जपानी चित्रगुंडाळीत कुंडीतील अशी झाडे स्पष्ट काढलेली आहेत. युरोपला त्यांचे दर्शन फार उशिरा, एकोणिसाव्या शतकातील मोठ्या प्रदर्शनांतून घडले. आपल्याकडे या कलेस वामनवृक्षकला असे नाव पडले, आणि ते मला मूळ शब्दाहूनही अर्थपूर्ण वाटते. वामन हा खुजा नव्हे. तीन पावलांत त्रिभुवन व्यापण्याचे सामर्थ्य आत बाळगून जो लहान राहतो, तो वामन.

या कलेत ज्या झाडांना मान आहे, त्यांत बॉक्स नावाचे एक सदाहरित झुडूप आहे. पाने नखाएवढी, वाढ अतिशय मंद, आणि जुन्या लाकडावरही नवे अंकुर फोडण्याची शक्ती. त्यामुळे कात्रीला ते कंटाळत नाही. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने आपल्या तस्कनीतील वाड्याचे वर्णन करताना, बॉक्सची झुडपे कातरून केलेले प्राणी आणि अक्षरेही सांगितली आहेत. ही गोष्ट सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची. पुढे फ्रान्सच्या राजोद्यानांतील वेलबुट्टीचे वाफे याच झुडपाच्या कुंपणांनी आखले गेले. त्याचे लाकूड इतके घट्ट की पाण्यात टाकले तर बुडते. युरोपातील पुस्तकांतली बारीक कोरीव चित्रे एके काळी याच लाकडाच्या ठशांवरून छापली जात. जपानात या झाडाच्या भाईबंदास 'त्सुगे' म्हणतात. त्याच्या फण्या आणि बुद्धिबळासारख्या 'शोगी' या खेळाच्या सोंगट्या तेथे नावाजलेल्या आहेत.

हे झाड केवळ परदेशचे आहे असे मात्र कोणी समजू नये. हिमालयाच्या उतारावर त्याची एक जात आढळते. जम्मूच्या बाजूस राजौरीकडील कारागीर तिला चिकरी म्हणतात आणि तिच्या लाकडाच्या नाजूक फण्या व चमचे करतात. शास्त्रज्ञांनी या जातीस जे नाव दिले त्यात वॉलिक हे नाव गुंफलेले आहे. नॅथनिएल वॉलिक हा कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक. आणि येथेच आपली वाट पुन्हा लालबागेकडे वळते, कारण काही काळ लालबागेचाही कारभार याच वॉलिककडे होता.

बंगळुराशी मराठी माणसाचा संबंध या बागेहून जुना आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे 1687 मध्ये ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले, आणि त्यासाठी तीन लक्ष रुपये मोजले गेले असे इतिहास सांगतो. त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, 1760 च्या सुमारास, हैदरअलीने शहराबाहेर ही बाग लावण्यास आरंभ केला. टिपूने दूरदूरच्या मुलखांतून रोपे व बियाणे आणून ती वाढविली. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि बाग कंपनीच्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या, मेजर वॉ याच्या हाती आली. 1819 मध्ये त्याने ती गव्हर्नर जनरलच्या स्वाधीन केली आणि वॉलिककडे तिची देखरेख गेली. पुढे काही वर्षे ती एका कृषि-उद्यान मंडळाने सांभाळली. 1856 मध्ये, डॉ. ह्यू क्लेगहॉर्न याच्या शिफारशीवरून, ती सरकारी वनस्पतिउद्यान झाली.

क्लेगहॉर्ननंतरची परंपरा पाहा. लंडनच्या क्यू उद्यानातून विल्यम न्यू येथे आला. 1874 मध्ये जॉन कॅमेरॉन आला आणि त्याने चौतीस वर्षे बाग राखली. काचघर उभे राहिले ते त्याच्याच काळात. म्हैसूर व कुर्गच्या वनवृक्षांवरील त्याचा ग्रंथ 1894 साली प्रसिद्ध झालेला आहे. 1908 मध्ये त्याची जागा घेतली गुस्ताव्ह हर्मन क्रुंबिगल याने, आणि या माणसाच्या कथेत आपल्याला विशेष जिव्हाळा वाटावा असा एक दुवा आहे. क्रुंबिगल जन्माने जर्मन, ड्रेस्डेनजवळचा. क्यू उद्यानात काम करीत असताना त्यास हिंदुस्थानात बोलावून आणले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी, 1893 मध्ये. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरात जन्मलेल्या या राजाने ज्या गुणी माणसांना हेरले, त्यांत हा माळीही होता. बडोद्याच्या बागा सांभाळून तो म्हैसूर दरबारच्या सेवेत आला, आणि 1956 मध्ये बंगळुरातच त्याने देह ठेवला. एक झाड फुलून ओसरले की दुसरे फुलावे, अशा क्रमाने रस्त्याकडेची झाडे लावण्याची जी दृष्टी या शहराला लाभली, तिच्यामागे हाच माणूस होता. त्याच्यानंतर जवरय्या, आणि मग मरिगौडा, अशी ही धुरा या मातीतल्या माणसांच्या खांद्यावर आली.

ही नावांची यादी मी मुद्दाम दिली. हैदरापासून मरिगौडांपर्यंत राज्ये बदलली, निशाणे बदलली, भाषाही बदलल्या. पण बागेला पाणी घालण्याचा खाडा पडला नाही. आणि ज्यांच्या हातून तो पडला नाही त्यांची नावे या यादीत नाहीतच. बंगळुरात तिगळ नावाचा एक माळी समाज आहे. चैत्री पौर्णिमेस निघणाऱ्या करगा उत्सवाचे मानकरी तेच. या शहराच्या मळ्यांची आणि बागांची मशागत पिढ्यान् पिढ्या त्यांनी केली. अधीक्षकांचे ज्ञान ग्रंथांत उतरले. यांचे ज्ञान बापाच्या हातून मुलाच्या हाती गेले.

या दोन प्रकारच्या ज्ञानांतील अंतर मला कळले ते स्वतःच्या घरी झालेल्या एका नुकसानीमुळे. काही वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या गावाहून मी बॉक्सचे एक रोप आणले होते. उथळ कुंडीत लावले. सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारचे टळेल अशा जागी ठेवले. तीन वर्षे त्याची जोपासना केली. नव्या पालवीची दोन पाने राखावयाची व शेंडा खुडावयाचा, एवढाच त्यात खटाटोप. तिसऱ्या वर्षी बुंध्याला किंचित बाक आला, तेव्हा मला झालेला आनंद एखाद्या बढतीहून उणा नव्हता. तेवढ्यात सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी मला परगावी जावे लागले. कचेरीतला कार्यभार मी रीतसर सोपविला. प्रत्येक फाइलीची नोंद केली, प्रलंबित प्रकरणांवर टिपण जोडले आणि सही घेतली. झाड मात्र शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे सोपविताना एवढेच म्हणालो, "पाणी घालत जा हं."

त्याने पाणी घातले. मोठ्या आस्थेने, रोज दोनदा घातले. मी परतलो तेव्हा पाने वरून हिरवीच दिसत होती, पण कुंडी हलविताच बुंधा सैल लागला. मुळे कुजून काळी पडली होती. तो मुलगा अतिशय कष्टी झाला. "काका, मी एक दिवसही चुकलो नाही," असे तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते. दोष त्याचा नव्हता. बॉक्सची मुळे बारीक आणि वरच्या थरात पसरणारी असतात; त्यांना कोरडही सोसत नाही आणि साचलेले पाणीही सोसत नाही. बोटाने माती चाचपावी, वरचा थर किंचित सुकला असेल तरच पाणी घालावे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. निर्जीव कागदांचे टिपण मी चार पानांचे लिहिले, आणि जिवंत वस्तूसाठी चार शब्दांत भागविले.

पुढे एका वृद्ध माळीबुवांना मी हे सांगितले. ते हसून म्हणाले, "साहेब, थंड देशाचे झाड कशाला? आपली कुंती नाही का?" कुंती, म्हणजे ज्या झाडास काही जण कामिनी म्हणतात तेच. कढीलिंबाच्या जातभाईंपैकी हे. पाने लहान व तुकतुकीत, फुले पांढरी आणि सुगंधी, लाकूड कठीण, कात्री सोसण्याची तयारी पुरेपूर. इंग्रजांनी तिला 'चायना बॉक्स' हे नाव दिले ते उगीच नव्हे. उष्ण मुलखात बॉक्सच्या कुंपणाचे काम त्यांनी तिच्याकडूनच करून घेतले. आज माझ्या गच्चीवर कुंतीचे झाड आहे. मातीत विटांचा चुरा व जाड वाळू घातली आहे, म्हणजे पाणी थांबत नाही. दोन-तीन वर्षांनी पावसाच्या आरंभी कुंडीतून काढून मुळांचा सुमारे तिसरा हिस्सा छाटावयाचा आणि ताज्या मातीत पुन्हा बसवावयाचे. मुळे छाटली की झाड काही दिवस सावलीत ठेवावयाचे. शास्त्र एवढेच, बाकी सारी नजर.

वामनवृक्ष हा झाडावरील जुलूम आहे, असे पुष्कळजण म्हणतात. माझ्या एका स्नेह्याने तर त्यास चिनी स्त्रियांच्या बांधलेल्या पायांची उपमा दिली. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु उपाशी ठेवून झाड लहान राहत नाही, ते मरते. मुळे आणि फांद्या यांचा तोल सांभाळून, वेळच्या वेळी अन्नपाणी देऊन, ते लहान राखावे लागते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. 1625 पासून तो कुंडीत वाढत आला आहे. 1945 मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात, यामाकी नावाच्या कुटुंबाच्या अंगणात होता, आणि भिंतीच्या आडोशाने बचावला. 1976 मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. ज्या राष्ट्राने ते शहर बेचिराख केले त्याच राष्ट्राच्या हाती आपल्या पाच-सहा पिढ्यांनी जपलेले झाड देणाऱ्यांचे मन केवढे असेल! जुलमाला अशी शतकांची सोबत लाभत नाही.

अरण्यातील वृक्ष कोणाचा नसतो. तो आपल्या बळावर जगतो. कुंडीतील वृक्षाला मात्र प्रत्येक पिढीत एक माणूस हवा असतो. एक पिढी जरी चुकली, अगदी सहा आठवडे जरी चुकले, तरी सारी मागील वर्षे मातीत जातात. बागांचे, ग्रंथालयांचे, संस्थांचे आणि राज्यांचेही असेच आहे. त्या उभारणाऱ्यांची नावे कोनशिलांवर कोरली जातात, पण त्या टिकतात त्या कार्यभार नीट देणाऱ्यांमुळे आणि नीट घेणाऱ्यांमुळे.

आमच्या नोकरीत बदली ठरलेली. माझीही केव्हा तरी होईल. त्या शेजारच्या मुलाला मी अलीकडे दर रविवारी गच्चीवर बोलावतो. पहिल्या दिवशी तो झारी घेऊनच आला होता. मी ती बाजूस ठेवावयास सांगितली, आणि त्याचे बोट कुंतीच्या मातीत रोवून विचारले, "काय वाटते?" बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "आज नको, काका. उद्या." माझ्या कार्यभाराच्या टिपणावर पहिली सही त्या दिवशी झाली.