जुन्या ट्रॅक्टरचा डायनामो : वस्तू आणि शब्द

यंत्राच्या इतिहासात शोधाची तारीख नोंदविली जाते. त्या यंत्राच्या देखभालीचा इतिहास मात्र बहुधा अलिखितच राहतो. गडहिंग्लज परिसरातील ट्रॅक्टरच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. हिरण्यकेशीकाठच्या या ऊसपट्ट्यात गळिताच्या हंगामात वाहतूक रात्रीही चालते. बॅटरी भरली गेली नाही, तर दिवे मंदावतात आणि वाहन अडते.

फॅरडेने १८३१ मध्ये विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला व सीमेन्सने १८६७ मध्ये डायनामोचे तत्त्व मांडले. कॉव्हेन्ट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टी-ई-२० ट्रॅक्टरवर हाच डायनामो होता. त्यात प्रवाह फिरत्या आर्मेचरमध्ये उत्पन्न होऊन कार्बन ब्रशांवाटे बाहेर येतो. गती मंद असता प्रवाह अपुरा पडतो; अशा वेळी बॅटरीतून उलटा प्रवाह वाहू नये म्हणून कटआउट असतो. पट्ट्याचा ताण, ब्रशांची झीज आणि कम्युटेटरची स्वच्छता पाहणे, हीच त्याची मुख्य निगा होय.

क्रायस्लरने १९६० च्या सुमारास मोटारींत अल्टरनेटर रूढ केला. त्यात मुख्य वेटोळे स्थिर असते व सिलिकॉन डायोड प्रवाह एकदिश करतात. त्यामुळे मंद गतीतही बॅटरी भरते. ओझे घेऊन हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरास हा लाभ मोठाच आहे.

वस्तू बदलली, शब्द मात्र टिकला. कोशातील ‘जनित्र’ कारखान्यात रुळले नाही. ‘सेल्फ-डायनामो’ अशी पाटी लावलेल्या दुकानात आज अल्टरनेटरही दुरुस्त होतो. अर्थविस्ताराचे हे उदाहरण भाषाभ्यासकास रोचक वाटेल. दुरुस्ती करणाऱ्यास मात्र ते सावध करणारे आहे. टी-ई-२० मध्ये बॅटरीचे धन टोक चौकटीस जोडलेले असते, तर नेहमीच्या अल्टरनेटरसाठी ऋण टोक जोडावे लागते. ही जोडणी न बदलता अल्टरनेटर बसविल्यास डायोड तत्काळ जळतात. उलटपक्षी, डायनामो नव्याने बसविल्यावर त्याच्या क्षेत्र-वेटोळ्यास योग्य दिशेने क्षणभर प्रवाह देऊन चुंबकत्वाची दिशा ठरवावी लागते.

तात्पर्य, एकाच नावाखाली दोन कालखंडांची यंत्रे वावरत आहेत. जुना डायनामो काढून टाकताना त्याची जोडणी आणि त्याभोवतीची कारागिरांची परिभाषा नोंदवून ठेवणे, हे इतिहास व भाषा या दोन्ही शाखांचे कर्तव्य ठरते. कारण भाग भंगारात गेल्यावर उरलेला शब्द एकटा साक्ष देऊ शकत नाही.