५७ किलोचा दबदबा : हलक्या वजनातले आपले सात अव्वल पैलवान

मच्छे : यात्रेचं मैदान म्हटलं की आपल्याकडं एकच चित्र असतं. दुपारी उन्हात पोरांच्या रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या, मग शे-दोनशेच्या जोडी. दिवस कलल्यावर हलगी घुमते, तेव्हा कुठं शंभर-सव्वाशे किलोचे मल्ल हौद्यात उतरतात. चांदीची गदा त्यांना, मोठं इनाम त्यांना आणि पोस्टरवर फोटोही त्यांचेच. हलक्या वजनाचा पैलवान मात्र वर्षानुवर्षे दुपारचाच राहतो.

आता हिशेब उलटा मांडून बघा. पॅरिस २०२४ पर्यंत भारताला ऑलिंपिक कुस्तीत आठ पदकं मिळाली. ती आठही ६६ किलो किंवा त्याखालच्या गटातली आहेत आणि त्यातली तीन तर एकट्या ५७ किलोची. बॉक्सिंगमध्ये ज्याला फेदरवेट म्हणतात तो गटही १२६ पौंडांचा, म्हणजे साधारण ५७ किलोचाच. म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या, ६२ किलोपर्यंतच्या फ्रीस्टाईल पुरुष पैलवानांची ही क्रमवारी. महिला मल्लांचा विषय मोठा आहे, त्यांची यादी वेगळीच हवी. क्रम लावताना पदक तर बघितलंच, पण ते कुठल्या परिस्थितीत मिळालं हेही धरलं.

१. खाशाबा जाधव (५७ किलो) : कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलो गटात सहावा आला. मातीत घडलेल्या खाशाबांना तिथं मॅटवर लढावं लागलं. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. पुढच्या दोघांकडं रौप्य असूनही पहिला नंबर खाशाबांचा, तो याचसाठी.

२. रवीकुमार दहिया (५७ किलो) : टोकियोत रौप्य. उपांत्य फेरीत २-९ असा मागं असताना प्रतिस्पर्ध्यानं दंडाला चावा घेतला, तरी पकड न सोडता त्याला चितपट केलं. २०२० ते २०२२ सलग तीन वर्षे आशियाई सुवर्णपदक.

३. बिशंबर सिंग (५७ किलो) : १९६७ ला दिल्लीत झालेल्या जागतिक स्पर्धेत रौप्य, त्याआधी १९६६ ला राष्ट्रकुल सुवर्ण. आज नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, पण त्या काळात जागतिक अंतिम क्रमवारीत दुसरं येणं ही साधी गोष्ट नव्हे.

४. योगेश्वर दत्त (६० किलो) : लंडन २०१२ मध्ये डोळा सुजलेला असताना रेपेचाजमधून लागोपाठ कुस्त्या काढून कांस्य. पाय गुंफून फिरवायचा त्याचा ‘फितले’ डाव आजही तालमीतली पोरं व्हिडिओ लावून शिकतात.

५. अमन सेहरावत (५७ किलो) : पॅरिस २०२४ चं कांस्य, वय अवघं २१. कांस्याच्या लढतीआधी एका रात्रीत साडेचार किलोवर वजन उतरवलं. कारकीर्द अजून पुढं आहे, त्यामुळं हा नंबर वर सरकू शकतो.

६. राहुल आवारे (५७ आणि ६१ किलो) : बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, काका पवारांचा पठ्ठ्या. २०१८ ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ ला जागतिक कांस्य. पण ते कांस्य ६१ किलोचं आणि हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. तिथं ५७ नंतर थेट ६५ किलो. मधल्या वजनाच्या पैलवानाची कोंडी होते ती इथंच.

७. केशव माणगावे (६२ किलो) : हेलसिंकीत खाशाबांच्याच संघात असलेला कोल्हापूरकडचा मल्ल. फेदरवेट गटात चौथा. पदक थोडक्यात हुकलं आणि नावही मागं पडलं. चौथा आला म्हणून सातवा ठेवला, पण त्या काळच्या साधनांत चौथं येणं आजच्या पदकाच्या तोडीचं आहे, असं कुणी म्हटलं तर आम्ही वाद घालणार नाही.

सातातले तिघे मराठी, त्यातले दोघे १९५२ चे. म्हणजे त्यानंतरच्या सत्तर वर्षांत आपल्या मातीतून या यादीत एकच नाव आलं. आपल्याकडं पोरं कमी आहेत, असं नाही. पण पोरगं चटपटीत असलं की घरचे आणि वस्ताद दोघंही म्हणतात, ‘अंग भर, खुराक वाढव.’ कारण इनाम वजनाला आहे. ५७ किलोचा चांगला पैलवान ओढूनताणून ७५ चा होतो आणि मग तिथं तो कुणालाच पुरा पडत नाही.

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत पोरांना वजनगटानुसार मॅटवर तयार केलं जातं. गावच्या तालमींना तेवढं जमणार नाही, पण दोन गोष्टी जमतील. एक म्हणजे यात्रा कमिटीनं ५७ आणि ६५ किलोची एकेक इनामी कुस्ती मोठ्या जोडीच्या आधी, भरल्या मैदानात लावावी. दुसरी म्हणजे वजन काटा तालमीत ठेवावा आणि पोरानं वजन हळूहळू, जाणकारांच्या सल्ल्यानं राखावं. पॅरिसमध्ये विनेश फोगाटचा अंतिम सामना शंभर ग्रॅमसाठी गेला, हे विसरून चालणार नाही.

क्रम पटला नसेल तर तुमचा लावा. फक्त पुढच्या यात्रेला दुपारी तीन वाजताच मैदानात येऊन बसा. पुढचा खाशाबा असला तर तो त्याच वेळी लढत असणार.