अंगाई आणि रुग्णालय

आजारी मुलास गाणें ऐकवावें, ही गोष्ट घराघरांत इतकी सहज आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें कोणास वाटत नाहीं. तापलेलें मूल मांडीवर घ्यावें, त्याच्या कपाळावरून हात फिरवावा आणि हलक्या आवाजांत अंगाई म्हणावी, हें कोणत्याही मातेस शिकवावें लागत नाहीं. परंतु ह्याच अंगाईस रुग्णालयाच्या दारांतून आंत जाण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तिला कोणत्या समजुतींनीं अडविलें आणि त्या कशा ढासळल्या, हें पाहणें उद्बोधक आहे.

लंडनमध्यें ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथें मुलांचें स्वतंत्र रुग्णालय १८५२ सालीं अवघ्या १० खाटांनिशीं उघडलें. त्याच दशकाच्या अखेरीस फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या विदुषीनें शुश्रूषेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि त्यांत संगीताचा विषय ओझरता कां होईना, पण काढला. रोग्यावर संगीताचा काय परिणाम होतो इकडे कोणाचें लक्षच गेलेलें नाहीं, असें तिनें नमूद केलें. मनुष्याचा आवाज आणि अखंड सूर देणारीं वाद्यें रोग्यास सुखावतात, उलट पियानोचे तुटक स्वर त्यास त्रासदायक होतात, असें तिचें निरीक्षण होतें. मात्र ही गोष्ट खर्चाची असल्यानें सर्वत्र अमलांत येणें शक्य नाहीं, असेंही तिनें लगेच सांगून टाकलें. पुढें १८९१ सालीं कॅनन हार्फर्ड नांवाच्या धर्मोपदेशकानें रोग्यांजवळ मंद स्वरांत गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा एक संघ लंडनमध्यें स्थापिला. पण पुरेशा आश्रयाच्या अभावीं तो फार काळ टिकला नाहीं.

तथापि मुलांच्या बाबतींत खरी अडचण पैशाची नव्हती. जिचा आवाज मुलास हवा होता, त्या आईलाच रुग्णालयानें दाराबाहेर ठेविलें होतें. भेटीस येणारे लोक संसर्ग आणतात आणि आई निघून गेली कीं मूल रडतें, ह्या दोन कारणांस्तव अनेक रुग्णालयांतून आईबापांस आठवड्यांतून एखादे वेळींच मुलास पाहूं देत. चार दिवसांनीं मूल रडेनासें झालें म्हणजे तें रुळलें, असें परिचारिका समजत. तें रुळलेलें नसून निराश झालेलें असतें, हें इंग्लंडांत जेम्स रॉबर्टसन ह्यांनीं १९५२ सालीं एका चित्रपटाच्या द्वारें दाखविलें. त्यांत दोन वर्षांची एक मुलगी आठ दिवस रुग्णालयांत काय सोसते एवढेंच दिसतें. १९५९ सालीं प्लॅट समितीनें भेटीवरील निर्बंध उठवावे अशी शिफारस केली, आणि मग हळूहळू दारें उघडूं लागलीं.

ह्याच १९५२ सालीं कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वास घेऊं न शकणाऱ्या रोग्यांच्या फुप्फुसांत हवा भरण्याची युक्ति ब्यॉर्न इब्सेन ह्या डॉक्टरांनीं सुचविली, आणि सुमारें १,५०० विद्यार्थी पाळीपाळीनें रात्रंदिवस हातानें पिशवी दाबीत बसले. त्यांतूनच आजचा अतिदक्षता विभाग जन्मास आला. त्यानें असंख्य मुलें वांचविलीं. परंतु यंत्रांच्या घंटांनीं भरलेली एक नवी दुनियाही निर्माण केली. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेस १९९७ सालीं इशारा द्यावा लागला कीं, नवजात मुलांच्या विभागांत ४५ डेसिबलच्या वर आवाज असणें चिंतेचें आहे.

दुसरी समजूत ह्याहून कठोर होती. तान्ह्या मुलास धड ऐकूं येत नाहीं, धड दुखतही नाहीं, असें मानीत. अगदीं १९८० नंतरही पुष्कळ ठिकाणीं नवजात मुलांवरील शस्त्रक्रिया पुरेशी वेदनाशामक भूल न देतां होत असत. कंवलजीत आनंद ह्या भारतीय डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं सिद्ध केलें कीं, अशा मुलांच्या शरीरावर वेदनेचा ताण पडतो आणि तो टाळल्यास तीं लवकर सांवरतात. त्यापूर्वीं, १९८० सालीं, डीकॅस्पर व फायफर ह्या संशोधकांनीं दाखविलें होतें कीं, नुकतेंच जन्मलेलें मूल आईचा आवाज ओळखतें व तो ऐकावयास मिळावा म्हणून चोखण्याची लयही बदलतें. ज्यास वेदना कळते आणि आवाज ओळखतां येतो, तो केवळ उपचाराचा विषय नसून ऐकणारा जीव आहे, हें आतां मान्य करणें भाग पडलें.

इकडे दुसऱ्या महायुद्धांतील जखमी सैनिकांच्या निमित्तानें अमेरिकेंत संगीतोपचाराचा व्यवसाय रूढ झाला व १९५० सालीं त्याची राष्ट्रीय संस्था निघाली. तो मुलांच्या अतिदक्षता विभागांत शिरला तेव्हां त्याचें स्वरूप मैफलीचें राहिलें नाहीं. उपचारक प्रथम मुलाचा श्वास पाहतो, त्याच गतीनें मंद सूर धरतो, मग गति किंचित् कमी करतो. मूल शिणलें कीं थांबतो. २०१३ सालीं अमेरिकेंतील ११ रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या २७२ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. आईबापांच्या आवडीचें गाणें अंगाईच्या चालीवर म्हटल्यानें, तसेंच गर्भांतील ध्वनीची व हृदयाच्या ठोक्यांची आठवण देणाऱ्या वाद्यांनीं, मुलांच्या नाडीवर, झोपेवर व दूध ओढण्यावर चांगला परिणाम दिसला. आईबापांची धास्तीही उतरली.

तरीपण अतिशयोक्तीस येथें जागा नाहीं. पांच देशांत झालेल्या व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगांत, अशा गायनानें मायलेकरांचा जिव्हाळा मोजतां येईल इतका वाढला असें आढळलें नाहीं. गाण्यानें जंतु मरत नाहींत व फुप्फुस दुरुस्त होत नाहीं. पण नळ्यांनीं वेढलेल्या मुलाजवळ जी आई हात जोडून नुसती उभी असते, तिला तेथें करण्याजोगें एक काम मिळतें, आणि तें काम तिच्यावांचून दुसऱ्या कोणास साधत नाहीं. नाइटिंगेलबाईंनीं खर्चाची जी अडचण सांगितली, ती आईच्या गळ्यास लागू नाहीं. त्यासाठीं विभागाचें दार उघडें हवें, खाटेजवळ एक खुर्ची हवी, आणि घंटांचा गलबला थोडा कमी हवा. आपल्याकडील रुग्णालयांनींही एवढें मनावर घेतल्यास तें अशक्य नाहीं.