नृत्याचार्य आणि ग्रंथकार

युरोपीय बॅलेच्या इतिहासात नृत्याचार्य हा पुष्कळदा ग्रंथकारही असे. ज्याँ-जॉर्ज नोवेर याने १७६० मध्ये नृत्यविषयक पत्रे प्रसिद्ध करून, नृत्य ही केवळ कसरत नसून कथा सांगणारी कला होय, असे प्रतिपादिले.

तंजावरच्या मराठी दरबारात हे कार्य विभागलेले होते. दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. त्यांच्या नावावरील ‘कोरव्याचे साहित्याचे जिन्नस’ या मराठी संग्रहातील प्रत्येक निरूपणात एक कथा निरनिराळ्या रचनांतून सांगितली जाते. ‘कोरवा’ हा शब्द तमिळ ‘कोर्वै’शी, म्हणजे ओवण्याच्या कल्पनेशी, निगडित आहे, ‘साहित्य’ म्हणजे येथे गेय शब्द. राजाने शब्द लिहविले. पदन्यास मात्र नट्टुवनारांच्या स्मरणातच राहिला.

विसाव्या शतकात मुंबईचे नृत्याचार्य पार्वतीकुमार यांनी या निरूपणांचा अभ्यास केला, त्यांना नृत्यरूप दिले आणि त्यांवर मराठीत ग्रंथही सिद्ध केला. दीर्घकाळ विलग राहिलेली लेखणी व पदन्यास अशा रीतीने एका हाती आली. अशी संहिता केवळ भाषाभ्यासकाला अर्धीच उलगडते. उरलेला अर्थ नर्तकाच्या देहातूनच वाचावा लागतो.