दुय्यम निवासावरील स्थानिक कर (फ्रान्स)

फ्रान्समध्ये सुटीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या घरावर दोन स्थानिक कर लागतात. पहिला ‘ताक्स फाँसिएर’, म्हणजे मालकाने भरायची घरपट्टी. कचरापट्टीही बहुधा त्याच बिलात येते. दुसरा ‘ताक्स दाबितासियाँ’ हा निवासकर. मुख्य घरांवरचा निवासकर २०२३ पासून पूर्णपणे रद्द झाला. दुय्यम घरांवर तो कायम आहे. दुय्यम घराचा मालक सहसा त्या गावचा मतदार नसतो, हेही नगरपालिकांच्या पथ्यावर पडते.

दोन्ही करांचा पाया कागदोपत्री भाडेमूल्य. ते मुळात १९७० च्या भाड्यांवरून ठरलेले असून दरवर्षी ठरावीक प्रमाणात वाढवतात, त्यामुळे बाजारभावाशी त्याचा मेळ क्वचितच बसतो. घरपट्टीसाठी त्याचा निम्माच भाग धरतात.

१ जानेवारीला मालक कोण, यावर सारे ठरते. २ जानेवारीला घर विकले तरी वर्षाचे बिल जुन्या मालकाच्याच नावे निघते. खरेदीदाराशी घरपट्टीची वाटणी आपसात करायची. निवासकरासाठी घरात राहण्याजोगे सामान असावे लागते. रिकाम्या घराचे नियम वेगळे. घरांची टंचाई असलेल्या गावांना निवासकरातील आपल्या वाट्यावर ५ ते ६० टक्के अधिभार लावता येतो. पॅरिसने कमाल दर लावला आहे.