मोडक्या स्टडची कुळकथा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हेड उतरवायला आणलेल्या इंजिनाचा स्टड मध्येच मोडला, की कामाची चाल बदलते. तोवर पाने भराभर फिरत असतात. आता मेस्त्री पाना खाली ठेवतो, वाकून बघतो आणि तुकडा वर किती उरलाय ते बोटानं चाचपतो. अर्धा इंच वर असेल तर निम्मं काम झालं. पृष्ठभागाच्या बरोबरीनं मोडला असेल तर अवघड. आणि आत खोल मोडला असेल तर, "चहा सांगा आधी."

या कामातलं जवळजवळ प्रत्येक हत्यार दुसऱ्याच कामासाठी जन्मलं आणि इथे उसनं आलं. अपवाद दोन. त्यांतल्या एकाची गोष्ट तर उलटी आहे: ते मोडके तुकडे काढायला जन्मलं आणि पुढे कारखान्यातलं मानाचं यंत्र झालं.

कोल्हापुरात ही कला का रुजली, हे समजायला नदीकाठी जावं लागतं. पंचगंगा-भोगावतीच्या काठचा ऊस, गुऱ्हाळं, आणि वीज पोचण्याआधी पाणी उचलणारी ऑइल इंजिनं. जवळच किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी होती; किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात खडकीला सुरू झाली. उन्हाळ्यात पाण्याची पाळी आली आणि इंजिन बंद पडलं, तर ऊस वाळतो. नवा ब्लॉक मागवून वाट बघणं शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं, आणि स्टड मोडला म्हणून बिडाचा अख्खा ब्लॉक भंगारात घालणं तर पापच. यंत्र उघडून, समजून घेऊन पुन्हा उभं करायची या गावाची खोड त्याहून जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला तो इथेच. उद्यमनगर, पांजरपोळ, वाय. पी. पोवार नगर या गल्ल्यांत आजही लेथ, ओतकाम आणि गॅरेज एकमेकांना खेटून आहेत. एकाला जमलं नाही तर काम दोन दारं पुढे जातं.

स्टड अडकतो त्याला कारणं बरीच. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूपेक्षा काही पट जागा घेतो. ती जागा आट्यांत नसतेच, म्हणून तो तिथेच ठासून बसतो. सायलेन्सरकडचे स्टड रोज लाल तापतात, रोज निवतात आणि हळूहळू ठिसूळ होतात. नव्या गाड्यांची हेड अॅल्युमिनियमची, बोल्ट पोलादी. दोन धातूंमध्ये ओल शिरली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी पूड बोल्टाला धरून बसते. कोल्हापूरची खास भर म्हणजे महापूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं. पाण्याखाली राहिलेल्या मोटारी आणि इंजिनं गाळासकट वर आली, तेव्हा नट कुठला नि चिखल कुठला हे आधी ओळखावं लागतं.

आणखी एक कारण इतिहासानं दिलेलं आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचं माप ठरवलं, ५५ अंशांचं. आपल्याकडची जुनी इंजिनं त्याच मापावर बांधलेली. म्हणून मेस्त्री अजून 'तीन सुती', 'चार सुती' म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग १९५६ चा कायदा आला, १९५८ पासून मेट्रिक मापं आली, आणि ६० अंशांचे आटे एमएममध्ये विकले जाऊ लागले. तीन सुती भोकात दहा एमएमचा बोल्ट जरा जाड पडतो, पण आटे इतके जवळपासचे, की पान्याला पाईप लावून जोर केला तर तो जातो. काढताना मात्र येत नाही. कुणा घाईवाल्यानं वीस वर्षांपूर्वी केलेला हा पराक्रम आजच्या मेस्त्रीच्या वाट्याला येतो.

पहिला इलाज तेलाचा. रॉकेल, डिझेल, ब्रेक ऑइल. सोडायचं आणि रात्रभर थांबायचं. हल्ली दुकानादुकानांत दिसणारा निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०, १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोत तयार झाला तो बोल्ट सोडवण्यासाठी नव्हे, तर अॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ओल धरू नये म्हणून. क्षेपणास्त्राचं औषध गुऱ्हाळाच्या इंजिनाला लागू पडलं, एवढंच. माझं मत विचाराल तर यात तेलापेक्षा रात्रभर थांबण्याला जास्त मान आहे.

दुसरा इलाज तावाचा, आणि तो इथल्या लोहाराच्या घरचा. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती शेणीच्या जाळात लाल करायचा, फुगलेली धाव चाकावर ठोकायचा आणि लगेच पाणी मारायचा. आवळलेली धाव चाकाचे सगळे सांधे घट्ट धरायची. तापलं की वाढतं, निवलं की आवळतं, हे ज्ञान कुठल्याही वर्कशॉपआधी गावच्या शाळेजवळच्या भात्यावर होतं. मेस्त्री तेच उलटं वापरतो. बाहेरचा भाग तापवला तर भोक मोठं होतं. नुसता बोल्ट तापवला तर तो फुगून भोकाच्या भिंतींवर दाबतो, गंज चिरडतो आणि निवताना सैल होतो. दहा एमएमचा पोलादी स्टड पाचशे अंशांनी तापला तर त्याची जाडी फक्त सहा शतांश मिलिमीटर वाढते, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. गरम आट्यांवर मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत शोषलं जातं. ही युक्ती गरिबाची आणि फार चांगली. भात्यानं एवढ्या नेमक्या जागी ताव देता येत नसे. ते शक्य झालं ऑक्सिजन-अॅसिटिलीनच्या ज्योतीमुळे, जी एडमाँ फूशे आणि शार्ल पिकार या फ्रेंचांनी १९०३ च्या आसपास वापरण्याजोगी केली. त्यांना लोखंड जोडायचं होतं. सोडवायचं आपण शिकलो.

त्याच जोडकामातून निघालेली आणि उद्यमनगराची सर्वांत आवडती रीत म्हणजे मोडक्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारायचं. एका दगडात दोन पक्षी: पान्याला धरायला डोकं मिळतं, आणि वेल्डिंगचा ताव थेट स्टडच्या गाभ्यात उतरतो. बिडाला साधी वेल्डिंगची कांडी नीट धरत नाही, हा एरवीचा वैताग इथे वरदान ठरतो. झिरपलेला धातू स्टडला चिकटतो, भिंतीला फारसा नाही. निवू द्यायचं, मग पाना लावून आधी आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. सरळ उलटं ओढणारा पोरगा तो नटही मोडतो.

नट धरायला जागाच नसेल तर ड्रिल. पिळाचं ड्रिल अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सनं १८६३ साली पेटंट केलं. त्याआधीची चपटी बरमी असं खोल, सरळ भोक पाडायला कुचकामी होती. उलट्या पिळाचं ड्रिल वापरलं तर कधी कधी भोक पाडता पाडताच तुकडा फिरून वर येतो, आणि त्या दिवशी मेस्त्री स्वतःच्या हुशारीबद्दल जरा जास्तच बोलतो. नाहीतर मग ईझी आउट. निमुळतं, उलट्या पिळाचं, कडक पोलादाचं हत्यार. भोकात ठोकायचं आणि उलटं फिरवायचं. केवळ याच कामासाठी बनलेलं, म्हणजे पहिला अपवाद, पण माझ्या मते डब्यातलं सर्वांत फसवं. जो स्टड पूर्ण ताकदीच्या पान्याला दबला नाही, तो भोकात बसणाऱ्या पातळ हत्याराला का दबावा? उलट निमुळता भाग आत घुसताना तुकड्याला फुगवून भिंतीवर आणखी दाबतो. ईझी आउट मोडला की आत जे उरतं त्याला ड्रिल लागतच नाही, कारण ते ड्रिलइतकंच कडक असतं. आटे पाडायचा टॅप मोडला तरी हीच गत.

याच जागी दुसरा अपवाद येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अॅल्युमिनियमच्या ओतीव व्हॉल्व्हच्या भोकांत टॅप आणि ड्रिल सारखे मोडत आणि महागडं कास्टिंग वाया जाई. स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर या तिघांनी विजेच्या ठिणग्यांनी मोडका तुकडा कणाकणानं उडवायचं यंत्र केलं. पाण्यानं गारवा द्यायचा आणि सेकंदाला साठ ठिणग्या. त्याच सुमारास मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे दाम्पत्य नेमकं उलटं काम करत होतं. ठिणग्यांमुळे विजेचे संपर्कबिंदू झिजतात ती झीज थांबवायची होती. तेलात बुडवून प्रयोग केले, झीज थांबेना, पण ती फार शिस्तीत होते हे १९४३ साली लक्षात आलं. मग झीजच कामाला लावली. या दोन घराण्यांतून ईडीएम यंत्र आलं. धातू कितीही कडक असो, ठिणगीला फरक पडत नाही. आज साचे आणि डाय बनवायला ते लागतं, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या ओतकामाच्या पट्ट्यात साच्यांशिवाय पान हलत नाही. मोडलेला टॅप घेऊन तिथे गेलेल्या माणसाला वाटतं, आपण मोठ्या यंत्राला क्षुल्लक काम सांगतोय. खरं तर ते यंत्र त्याच कामासाठी पृथ्वीवर आलं.

तुकडा निघाला म्हणजे सुटलो असं नाही. आटे खाल्ले गेले असतील तर भोक मोठं करून बुश बसवायचा किंवा तारेचा पिळदार इन्सर्ट घालायचा. आटे शाबूत असतील तर टॅप हातानं, तेल लावून, अर्धा वेढा पुढे नि पाव वेढा मागे. वाऱ्याच्या नळीनं भोकातला भुसा उडवायचा, कारण तळाशी राहिलेलं तेल आणि कचरा नवा स्टड आवळताना दाबला जाऊन ब्लॉकच चिरतो. आणि सायलेन्सरच्या बाजूचा स्टड असेल तर आट्यांना कॉपर ग्रीस लावायचं. ते पन्नास रुपयांचं ग्रीस गिऱ्हाइकानं नाकारलं, तर उद्यमनगरातला जुना मेस्त्री वाद घालत नाही. फक्त बिलाच्या मागे तारीख लिहून ठेवतो.