एक विनोदी चित्रपट आणि प्रेक्षकांचे दोन पक्ष

विनोदी चित्रपट पाहताना सारे प्रेक्षागृह एकदम हसते, तेव्हा तेथील सर्व मंडळी एकमताची आहेत असा आपला समज होतो. तो नेहमीच खरा नसतो. कोणी चोराच्या चातुर्याला हसतो, कोणी शिपायाच्या फजितीला हसतो, तर कोणी केवळ शेजारी हसला म्हणून हसतो. दिवे लागून मंडळी घराकडे निघाली की मग प्रश्न उभा राहतो : ज्या कृत्याला आपण हसलो ते कृत्य योग्य होते काय? १९४९ च्या जून महिन्यात लंडनमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘व्हिस्की गलोर’ या ब्रिटिश चित्रपटाने हा प्रश्न फार स्पष्टपणे उभा केला. ‘गलोर’ म्हणजे मुबलक. मूळ शब्द गेलिक भाषेतला आहे.

हा चित्रपट ज्या संस्थेने काढला ती पश्चिम लंडनमधील ईलिंग चित्रसंस्था लहानशी होती. मायकेल बाल्कन हे तिचे प्रमुख. पैसा बेताचा, परंतु लेखक व दिग्दर्शक एका कुटुंबासारखे काम करीत. १९४८ च्या उन्हाळ्यात ईलिंगच्या आवारात चित्रणासाठी जागा मोकळी नव्हती. म्हणून एक तुकडी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज द्वीपसमूहातल्या बॅरा या बेटावर पाठविण्यात आली. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक यांचा हा पहिलाच चित्रपट; निर्माते मोन्या डॅनिशेव्हस्की यांचेही निर्मितीचे ते पहिलेच काम. पावसाने पाठ सोडली नाही, चित्रण लांबले आणि अंदाजपत्रक ओलांडले गेले. तयार झालेला चित्रपट बाल्कन यांच्या मनास उतरला नाही. अखेर चार्ल्स क्रायटन यांनी त्याची पुन्हा जुळणी केली, तेव्हा कोठे तो पडद्यावर आला.

कथानक थोडक्यात असे. दुसरे महायुद्ध चालू आहे. टॉडे नावाच्या काल्पनिक बेटावरची व्हिस्की संपली आहे आणि त्यामुळे सारे बेट उदास झाले आहे. अशा वेळी व्हिस्कीच्या पन्नास हजार पेट्या घेऊन चाललेले एक जहाज जवळच्या खडकावर आदळते. खलाशी सुखरूप किनाऱ्याला लागतात, आणि बेटकरी रात्रीच्या अंधारात होड्या घालून जमेल तेवढ्या पेट्या उतरवून घेतात. त्यांना अडविणारा एकच माणूस असतो : गृहरक्षक दलाचा प्रमुख कॅप्टन वॅगेट. तो इंग्रज आहे, नियमाचा पक्का आहे, आणि बेटकऱ्यांच्या युक्त्यांपुढे पुरता हतबल आहे. बेसिल रॅडफर्ड यांनी ही भूमिका केली.

ही केवळ कल्पना नव्हती. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी ‘पॉलिटिशियन’ नावाचे मालवाहू जहाज एरिस्के बेटाजवळ खरोखरच खडकावर चढले होते. लिव्हरपूलहून जमैका व अमेरिकेकडे निघालेल्या त्या जहाजात व्हिस्कीच्या सुमारे २२,००० पेट्या होत्या. बेटकऱ्यांच्या दृष्टीने बुडत्या जहाजातून माल वाचविणे ही चोरी नव्हती. समुद्राने दिलेले घ्यावे ही तेथील पूर्वापार समजूत. जकात खात्याचे स्थानिक अधिकारी चार्ल्स मॅक्कॉल यांना मात्र ही शुद्ध चोरी वाटली. कारण त्या मालावर कर भरलेला नव्हता. त्यांनी झडत्या घेतल्या, खटले भरविले. काहींना किरकोळ दंड झाला, आणि एकोणीस जणांना इन्व्हर्नेसच्या तुरुंगात वीस दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत राहावे लागले. या घटनेवर कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी १९४७ साली जी कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्यावरून हा चित्रपट निघाला. चित्रपटात तुरुंग कोठेच नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ब्रिटनमधील सामान्य प्रेक्षक हा चित्रपट पाहून मनमुराद हसला, त्याचे कारण त्या काळात आहे. युद्ध संपून चार वर्षे झाली होती, तरी शिधापत्रिका संपल्या नव्हत्या. मांसावरील नियंत्रण तर १९५४ पर्यंत उठले नाही. देशात तयार होणारी व्हिस्की डॉलर मिळविण्यासाठी परदेशी जात होती आणि ती करणाऱ्यांच्या वाट्याला येत नव्हती. रांगेत उभे राहून कंटाळलेल्या माणसाला नियमांवर मात करणारे बेटकरी आपले प्रतिनिधी वाटले. त्याच वर्षी ईलिंगने ‘पासपोर्ट टू पिम्लिको’ काढला. त्यातही लंडनची एक वस्ती आपण इंग्लंडचा भागच नाही असे ठरवून शिधावाटपातून सुटका करून घेते. दोन्ही ठिकाणचे हसू एकाच जातीचे होते.

परंतु दुसराही पक्ष होता. अमेरिकेत त्या वेळी चित्रपटांसाठी एक नीतिसंहिता अमलात होती. १९३० साली ती तयार करण्यात डॅनिएल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला झुकता कामा नये, हे तिचे एक प्रमुख सूत्र. मद्याचे नाव चित्रपटाच्या शीर्षकात असणेही तेथे चालण्यासारखे नव्हते. म्हणून हाच चित्रपट अमेरिकेत ‘टाइट लिटल आयलंड’ या नावाने दाखविण्यात आला. फ्रान्समध्ये तोच ‘व्हिस्की आ गोगो’ झाला आणि तेथे व्हिस्कीचे नाव कोणाला खटकले नाही. चित्रपटाच्या शेवटी निवेदक सांगतो की व्हिस्की महागली आणि बेटकऱ्यांचे पुढील आयुष्य दुःखात गेले; सुखी झाले ते न पिणारे एक जोडपे तेवढे. ही नीतिकथा आहे की नीतिकथेची थट्टा आहे, हे ज्याने त्याने ठरवावे.

विशेष म्हणजे हा मतभेद खुद्द चित्रपट करणाऱ्यांतच होता. डॅनिशेव्हस्की रशियात जन्मलेल्या ज्यू कुटुंबातले. त्यांचा ओढा बेटकऱ्यांकडे होता. मॅकेन्ड्रिक यांचा जन्म अमेरिकेतला, पण ते ग्लासगोत कडक प्रॉटेस्टंट शिस्तीत वाढले. त्यांना वॅगेटविषयी सहानुभूती वाटे. कर्तव्यनिष्ठेत हा इंग्रजच सर्वांहून अधिक स्कॉटिश आहे, असे त्यांचे मत होते. या ओढाताणीच्या खुणा चित्रपटात आढळतात. वॅगेटने परत पाठविलेल्या दारूगोळ्याच्या पेटीतच व्हिस्की सापडते, संशय त्याच्यावरच येतो, आणि त्याची स्वतःची पत्नीही त्याला हसते. तेथे हसावे की गप्प राहावे हे पुष्कळांना कळत नाही.

आणखी एक प्रसंग पाहा. शनिवारी रात्री बेटकरी होड्या लोटण्याच्या बेतात असतात, तोच बाराचे ठोके पडतात. रविवार लागला, प्रभूच्या दिवशी काम नाही. डोळ्यांसमोर जहाज बुडत असताना सारे बेट चोवीस तास हात जोडून थांबते. यात कोणाला ढोंग दिसले, कोणाला खरी श्रद्धा दिसली. मॅकेन्झी स्वतः १९१४ पासून कॅथलिक होते. त्यांच्या कादंबरीत एक प्रॉटेस्टंट व एक कॅथलिक अशी दोन बेटे आहेत. प्रत्यक्ष बॅरा व एरिस्के येथील वस्ती बहुतांशी कॅथलिक. रविवारचा असा कडक दंडक उत्तरेकडील प्रॉटेस्टंट बेटांवरचा. चित्रपटाने दोहोंचे एकच बेट केले. पण त्यामुळे एक गोष्ट उठून दिसली : ही माणसे कायदा न मानणारी नाहीत. आपला म्हणून जो कायदा त्यांनी मानला आहे तो ती कसोशीने पाळतात. लंडनहून आलेला मात्र त्यांना आपला वाटत नाही.

पुढे १९८२ साली ‘स्कॉच रील्स’ या लेखसंग्रहात स्कॉटिश टीकाकारांनी निराळाच आक्षेप घेतला. स्कॉटलंडचा माणूस म्हणजे भोळसट, गोड आणि लबाड, ही प्रतिमा असल्या चित्रपटांनी जगभर पसरविली, असे त्यांचे म्हणणे. २०१६ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित झाली, पण तिला पहिलीची सर आली नाही.

तेव्हा कोणता पक्ष खरा? मला वाटते, दोन्ही पक्षांनी अर्धा चित्रपट पाहिला. बेटकऱ्यांना हसणाऱ्यांनी इन्व्हर्नेसच्या तुरुंगातले ते एकोणीस जण पाहिले नाहीत; कारण पडद्यावर ते नव्हतेच. गुन्ह्याचे कौतुक झाले म्हणून रागावणाऱ्यांनी रविवारी थांबलेल्या होड्या पाहिल्या नाहीत. आणि आपले काम चोख करून घरात व गावात हसू झालेला माणूस दोघांनीही फारसा पाहिला नाही. हा चित्रपट पाहण्याचा योग आला, तर श्रोत्यांनी कॅप्टन वॅगेटची पत्नी हसते त्या क्षणी आपण हसलो की नाही, एवढे स्वतःशी तपासून पाहावे.